मृत्युदंडाच्या समर्थनातील दोन युक्तिवाद : जरब आणि प्रतिशोध

नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मूलभूत हक्कांच्या कलमांवर चर्चा चालू असताना संयुक्त प्रांतातील सदस्य झेड. एच. लारी यांनी एक दुरुस्ती मांडली. हिंसक राजद्रोहाचा अपवाद सोडून देहांताची शिक्षा रद्द करावी, अशी ती होती. कोणतेही न्यायासन चुकू शकते आणि ही शिक्षा एकदा अमलात आली की मागे घेता येत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. इतरांचे जीव वाचविण्यास दुसरा उपायच नसेल तरच शासनाने जीव घ्यावा, हा दुसरा. म्हैसूरचे के. हनुमंतय्या यांनी विरोध केला. खून केला तरी आपला जीव सुरक्षित आहे आणि फार तर तुरुंगात जावे लागेल, अशी हमी मिळालेल्या माणसावर शिक्षेचा धाक कसा राहणार, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. अमिय कुमार घोष यांचे म्हणणे मधले होते : हा विषय संविधानात बांधून न टाकता विधिमंडळाकडे सोपवावा. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली नाही आणि ती नामंजूर झाली. विशेष म्हणजे पुढे जून १९४९ मध्ये, फाशीच्या प्रत्येक शिक्षेवर सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का या चर्चेत, स्वतः डॉ. आंबेडकरांनीच ही शिक्षा मुळातून रद्द होणे आपल्याला अधिक योग्य वाटते, असे सांगितले.

महाविद्यालयातील वर्गात हा विषय निघतो तो बहुधा एखाद्या ताज्या गुन्ह्याच्या निमित्ताने. २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर तो निघाला, २०१९ च्या हैदराबादमधील घटनेनंतरही निघाला. विद्यार्थी एका दमात दोन गोष्टी बोलतात : असल्यांना फाशीच हवी; आणि एकाला लटकवले की बाकीचे ताळ्यावर येतील. एकाच तोंडातून येतात म्हणून ही विधाने एकच वाटतात, पण तशी ती नाहीत. 'बाकीचे ताळ्यावर येतील' हे वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे. ते पुढे पाहते, आणि खरे की खोटे हे पुराव्यावरून ठरवावे लागते. 'असल्यांना फाशीच हवी' हे नैतिक विधान होय. ते मागे, म्हणजे झालेल्या कृत्याकडे पाहते; उद्या एकही खून कमी झाला नाही तरी त्याला बाध येत नाही. वादविवाद स्पर्धांत गोंधळ होतो तो नेमका येथे. जरबेचा पुरावा मागितला की वक्ता गुन्ह्याच्या क्रौर्याचे वर्णन करू लागतो, म्हणजे प्रतिशोधाकडे सरकतो. निरपराध माणूस फासावर गेला तर काय, असे विचारले की 'समाजाला धाक हवाच' म्हणून पुन्हा जरबेकडे येतो. विद्यार्थ्यांचे राहू द्या, न्यायालयांच्या निकालपत्रांतही ही ये-जा दिसते.

जरबेचा युक्तिवाद

या युक्तिवादाची सर्वांत ठसठशीत मांडणी करणाऱ्यांपैकी एक म्हणजे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, १८६९ ते १८७२ या काळातील हिंदुस्थान सरकारचे कायदेविषयक सदस्य आणि १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कर्ते. त्यांचा मुद्दा साधा होता. फाशीच्या आदल्या दिवशी कैद्यासमोर दुसरी कोणतीही शिक्षा पर्याय म्हणून ठेवा, तो ती आनंदाने पत्करील. यावरून माणसाला सर्वांत जास्त भय मृत्यूचेच असते हे उघड आहे. हे निरीक्षण चुकीचे नाही. परंतु फाशीच्या आदल्या दिवशी मृत्यू निश्चित आणि समोर उभा असतो. गुन्हा करतेवेळी तो दूरचा, अंधुक आणि बहुतांशी टाळता येण्याजोगा वाटतो. धाक असतो तो या दुसऱ्या क्षणी. बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच हे दाखवून दिले होते : शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चिती माणसाला अधिक आवरते.

भारतापुरते बोलायचे तर ही निश्चिती किती आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी सत्र न्यायालयांनी १६५ जणांना मृत्युदंड सुनावला, आणि त्यांतले ३८ एकट्या अहमदाबाद बाँबस्फोट खटल्यातले होते. सुनावलेली शिक्षा पुढे उच्च न्यायालयात कायम व्हावी लागते, मग सर्वोच्च न्यायालय, मग दयेचा अर्ज. २००० सालानंतर प्रत्यक्ष फाशी गेलेले आठ जण आहेत : २००४ मध्ये कोलकाता येथे एक, २०१२ मध्ये येरवडा, २०१३ मध्ये तिहार व २०१५ मध्ये नागपूर येथे प्रत्येकी एक आणि २०२० मध्ये तिहारमध्ये चार. बेळगावच्या हिंडलगा कारागृहातील वधस्तंभ तर १९८३ नंतर वापरलाच गेलेला नाही. समर्थक यावर म्हणतील की मग फाशी अधिक द्या, लवकर द्या. उत्तर तर्कशुद्ध आहे, पण त्याची किंमत काय पडते हे पुढे पाहू.

आकड्यांच्या आधारे जरब सिद्ध करण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आयझॅक एर्लिच यांचा. वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते, तसेच गुन्ह्याची 'किंमत' वाढली की गुन्हे घटावेत, हे त्यांचे गृहीतक. १९७५ मध्ये त्यांनी असा निष्कर्ष काढला की प्रत्येक फाशीमागे सरासरी सुमारे आठ खून टळले असावेत. तेथील सरकारने तो सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवला. मात्र त्याच आकडेवारीतील १९६० च्या दशकातली शेवटची काही वर्षे वगळली की परिणाम नाहीसा होतो, असे इतर अभ्यासकांना आढळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९७८ मध्ये हा पुरावा उपयोगाचा नाही असे ठरविले. २०१२ मध्ये दुसऱ्या समितीने मधल्या तीन दशकांतील अभ्यास तपासले आणि ते धोरण ठरविण्यासाठी वापरूच नयेत, अशी शिफारस केली. या शिफारशीचा अर्थ नीट समजून घ्यावा. 'जरब नाही' असे समितीने म्हटलेले नाही. 'या अभ्यासांवरून आहे किंवा नाही हे सांगता येत नाही' असे म्हटले. फाशीच्या विरोधकांच्या पत्रकांत हा फरक पुष्कळदा पुसला जातो.

आपल्याकडे असाच एक आकडा फिरत असतो. त्रावणकोर संस्थानाने १९४४ मध्ये मृत्युदंड बंद केला होता. पुढे भारतीय दंड संहिता लागू झाल्यावर तो परत आला. १९४५ ते १९५० या बंदीच्या काळात तेथे ९६२ खून झाले आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत ९६७. विरोधक म्हणतात, पाहा, काहीच फरक पडला नाही. पण मधल्या काळात संस्थाने विलीन झाली, लोकसंख्या वाढली, पोलीस व्यवस्था बदलली. दोन आकडे शेजारी ठेवल्याने कारण आणि परिणाम सिद्ध होत नाहीत, मग ते आपल्या बाजूचे का असेनात. अर्थशास्त्राच्या अध्यापकांना नमुना म्हणून हे उदाहरण चांगले आहे. गोव्यात पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठी मृत्युदंड १८७० मध्येच रद्द केला होता. मुक्तीनंतर भारतीय दंड संहितेबरोबर तो कायद्यात परत आला. तेथेही हीच सावधगिरी लागते.

पुरावा अनिर्णित असेल तर काय करावे? यावर समर्थकांचे एक बळकट उत्तर आहे. ते अर्नेस्ट व्हॅन डेन हाग या विचारवंताने १९६० च्या दशकाअखेर मांडले. समजा आपण फाशी दिली आणि जरब नसली, तर काही खुनी व्यर्थ मरतील. समजा फाशी दिली नाही आणि जरब होती, तर काही निरपराध मारले जातील. दोन्ही चुकांत पहिली चूक बरी. वरवर पाहता हा हिशोब बिनतोड वाटतो. त्यात एक रकाना मात्र राहून जातो : फासावर जाणारे सगळे खुनीच असतील हे गृहीत धरलेले आहे. शिवाय प्रश्न 'फाशी की मोकळीक' असा नसून 'फाशी की जन्मठेप' असा आहे. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय ठरावीक वर्षे किंवा मरेपर्यंत सूट न मिळणारी जन्मठेप देऊ शकते, आणि २०१५ मध्ये घटनापीठाने त्यास दुजोरा दिला. तुलना आता या शिक्षेशी करावयास हवी.

जरबेच्या बाजूने एक प्रश्न तरीही उभा राहतो. जो आधीच जन्मठेप भोगीत आहे त्याने तुरुंगात खून केला, तर त्याला आणखी कोणती शिक्षा देणार? जुन्या संहितेच्या कलम ३०३ मध्ये याला सक्तीची फाशी होती. १९८३ मध्ये मिठू खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०४ मध्ये अशा कैद्यास फाशी किंवा मरेपर्यंत कारावास, असा पर्याय आहे. दुसऱ्या बाजूला उलट्या जरबेचा धोकाही आहे. माँतेस्क्यूने १७४८ मध्ये लिहून ठेवले होते की जेथे लूट आणि खून यांची शिक्षा सारखी असते, तेथे लुटारू साक्षीदार मागे ठेवत नाहीत. २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारास मृत्युदंडाची तरतूद झाली तेव्हा हीच शंका पुन्हा व्यक्त झाली. आरोपी बहुधा घरातला वा ओळखीचा असतो. फाशीच्या भीतीने घरचेच तक्रार दाबतील, ही दुसरी शंका.

किसास : दोन्ही हेतू एकत्र

मुस्लिम विद्यार्थ्यांकडून या चर्चेत 'इस्लाममध्ये तर खुनाला खूनच सांगितला आहे' असे विधान हमखास येते. ते अर्धे आहे. सूरह अल-बकराच्या १७८ व १७९ या आयतींत किसासचा विषय आहे, आणि किसासमध्ये समाजाचे जीवन आहे असा त्यांतील दुसऱ्या आयतीचा आशय आहे. मुफस्सिरांनी याचा अर्थ दोन प्रकारे लावला. खून केल्यास आपलाही जीव जाईल हे ठाऊक असलेला माणूस हात आवरतो, म्हणून दोघांचेही प्राण वाचतात. ही सरळ जरब झाली. दुसरा अर्थ मर्यादेचा आहे. इस्लामपूर्व अरब टोळ्यांत एका माणसाच्या बदल्यात समोरच्या टोळीतील अनेकांना ठार करण्याची रीत होती, आणि सूड पिढ्यान्‌पिढ्या चाले. किसासने सांगितले की ज्याने मारले तोच, आणि तेवढेच. प्रतिशोधाची परवानगी देण्यापेक्षा त्याला कुंपण घालणे हे काम येथे मोठे आहे. सूरह अल-इसराच्या ३३ व्या आयतीत वारसाला अधिकार देतानाच त्याने मर्यादा ओलांडू नये असे बजावलेले आहे.

याहून महत्त्वाचे, १७८ व्या आयतीतच मृताच्या वारसाने क्षमा केली तर दियत घेऊन प्रकरण मिटविण्याची वाट ठेवली आहे आणि तिला ईश्वराने दिलेली सवलत व कृपा मानले आहे. सूरह अल-माइदाच्या ४५ व्या आयतीत जिवाला जीव या तौरातमधील नियमाचा उल्लेख करून, जो हक्क सोडून देतो त्याच्यासाठी ते पापक्षालन ठरते, असे म्हटले आहे. म्हणजे प्रतिशोध हा हक्क आहे, कर्तव्य नव्हे. आणि हा हक्क मुख्यतः मृताच्या नातलगांचा आहे. फुकहांनी त्याला आणखी एक अट घातली : शंकेने हद्द टळते, हे तत्त्व त्यांनी किसासलाही लावले. तिर्मिजीच्या संग्रहात हजरत आयशा (र.) यांच्याकडून आलेल्या रिवायतीचा आशयही हाच, की काजीने शिक्षेत चुकण्यापेक्षा माफीत चुकणे बरे.

भारतात हा वारसाचा हक्क कायद्यातून गेला तो १७९० च्या दशकात. कॉर्नवॉलिसच्या काळात कंपनी सरकारने बंगालमधील फौजदारी न्यायात वारसाच्या माफीने खुन्याची शिक्षा टळणार नाही, असे ठरविले. पैसेवाला खुनी सुटतो आणि गरिबाचे नातलग दडपणाखाली माफी देतात, ही त्यामागची तक्रार निराधार नव्हती. दियत चालू असलेल्या देशांत ती आजही ऐकू येते. त्या बदलाने खून हा शासनाविरुद्धचा गुन्हा झाला. आज आपल्याकडे खुनाच्या गुन्ह्यात तडजोड होत नाही, आणि क्षमेचा अधिकार राष्ट्रपती व राज्यपालांकडे आहे. म्हणून भारतीय फाशीला किसासचे नाव देऊन समर्थन करणे शास्त्रदृष्ट्या कच्चे आहे. किसासमधील जरब त्यात घेतली जाते, पण वारसाची क्षमा आणि शंकेचा फायदा या त्याच्या दोन बाजू गळतात.

प्रतिशोध आणि समाजाचा विवेक

पाश्चात्त्य विचारात प्रतिशोधाचा खंबीर पुरस्कर्ता कांट. समाज उद्या विसर्जित होणार असला तरी तुरुंगातील शेवटच्या खुन्याला आधी फाशी द्यावी, असे तो १७९७ मध्ये लिहितो. यात जरबेचा लवलेश नाही. गुन्हेगाराला जबाबदार माणूस मानले तर त्याच्या कृत्याच्या तोलाची शिक्षा त्याला देणे हाच त्याचा सन्मान, अशी ही भूमिका आहे. ती क्रूर वाटली तरी तिला एक शिस्त आहे : शिक्षा दोषीलाच, आणि तोलूनच. इतरांना धाक बसावा म्हणून माणसाला साधन बनविणे कांटला मान्य नव्हते. ब्रिटनच्या रॉयल कमिशनपुढे (१९४९-५३) लॉर्ड डेनिंग यांनी याला वेगळे वळण दिले. शिक्षेचे अंतिम समर्थन जरब नसून समाजाने गुन्ह्याचा केलेला ठाम धिक्कार होय, असे त्यांचे मत होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे मत ९ मे १९८० च्या बचन सिंग निकालात विचारात घेतले. न्या. सरकारिया यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने जरब सिद्ध झाली असे म्हटले नाही. जगभर विचारी माणसांचा मोठा वर्ग ती मानतो, तेव्हा ही शिक्षा अवाजवी म्हणता येत नाही, एवढेच म्हटले. न्या. भगवती यांनी भिन्नमत नोंदविले. त्याची सविस्तर कारणे १९८२ मध्ये आली. बहुमतानेही ही शिक्षा 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणांपुरती आणि जन्मठेपेचा पर्याय निःसंशय बंद झाला असेल तेव्हाच, अशी मर्यादा घातली. विधिमंडळाचा प्रवासही याच दिशेचा होता. १९५५ च्या दुरुस्तीपूर्वी खुनाला फाशी न देण्याची कारणे न्यायाधीशाला द्यावी लागत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी देण्याची विशेष कारणे मागितली.

१९८३ मध्ये मच्छी सिंग खटल्यात 'समाजाच्या सामूहिक विवेकाला बसलेला धक्का' ही कसोटी आली, आणि प्रतिशोधाची शिस्त तेथे सैल झाली. कांटच्या तराजूत कृत्य आणि दोष असतात. या तराजूत जनमताचे वजनही येऊन बसले. ते वजन किती बेभरवशाचे असते, हे हैदराबादने दाखविले. डिसेंबर २०१९ मध्ये चार आरोपी पोलीस चकमकीत मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. न्या. वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०२२ मध्ये, पोलिसांनी जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या आणि मृतांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा निष्कर्ष दिला. त्याच वर्षी मे महिन्यात इंदूरच्या तिहेरी खुनाच्या मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून किमान २५ वर्षांची जन्मठेप दिली. आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती सत्र न्यायालयातच गोळा झाली पाहिजे, असे बंधनही घातले. इंदूरच्या कायदा महाविद्यालयांनी हा निकाल स्थानिक इतिहास म्हणूनही वाचावा.

विधी आयोगाची दोन मते अध्यापकांनी शेजारी ठेवून शिकवावीत. १९६७ च्या ३५ व्या अहवालाने देशाचा विस्तार, विविधता आणि शिक्षणाची पातळी पाहता भारताला फाशी रद्द करण्याचा प्रयोग परवडणार नाही, असे म्हटले. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या आयोगाने २०१५ मध्ये २६२ व्या अहवालात दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून ती रद्द करावी, अशी शिफारस केली. काही सदस्यांनी भिन्नमत दिले. १९४८ मध्ये लारींनी सोडलेला अपवाद जवळपास तसाच परत आला. मात्र चूक होण्याचा संभव याच खटल्यांत जास्त असतो, कारण लवकर आरोपी हजर करण्याचे दडपण येथे सर्वाधिक असते. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडले. त्यांतील तिघांची फाशी उच्च न्यायालयाने कायम केली होती.

चुकीच्या शिक्षेचा प्रश्न दोन्ही युक्तिवादांना सारखा लागत नाही. जरबेला दोष खरा असण्याची गरज नसते. लोकांना तो खरा वाटला तरी धाक बसतो. त्यामुळे जरबवादी दहा हजारांत एक चूक हिशोबात धरू शकतो, आणि फाशी अधिक व लवकर द्या म्हणणाऱ्याला ती धरावीच लागते. प्रतिशोधवाद्याला तशी सोय नाही. निरपराधाला फाशी म्हणजे त्याच्याच तत्त्वाने एक नवा खून, आणि मूळ दोषी मोकळा. म्हणून फाशीचा खरा कसोटीचा प्रश्न तिच्या विरोधकांपेक्षा प्रामाणिक प्रतिशोधवाद्यानेच विचारायला हवा.

महाराष्ट्रात २००३ साली एका कुटुंबातील पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतील सहा मजुरांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली, म्हणजे सहाही जण फाशीचे कैदी झाले. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून ज्या निकालांकडे लक्ष वेधले, त्यांत हाही होता. फेरसुनावणी झाली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरविले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यावी असे राज्याला सांगितले. तोपर्यंत त्यांची सोळा वर्षे गेली होती. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने सुरुवातीलाच पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार वेगळेच इसम ओळखले होते. त्या चौघांवर खटला भरला गेला नव्हता.